पहिल्या रांगेतली जागा

गाडीतळ छावणी, जि. बीड
१२ जानेवारी २००३

चि. उत्तरेश्वर यास गहिनीनाथचा आशीर्वाद.

पाकीट बघूनच तू म्हनला असशील, दादाला काम निघालं वाटतं. तसंच हाय. काम न्हाई तं पत्र न्हाई, ही आपल्या घराची रीतच हाय.

औंदा कारखान्याचं बॉयलर पेटलंच न्हाई. ऊस न्हाई, पाणी न्हाई. निम्मं गाव कोयते घेऊन खाली साताऱ्या-कोल्हापुराकडं गेलंय. गाडीतळावर, जिथं उसाच्या बैलगाड्या लागायच्या, तिथं कारखान्यानं जनावरांची छावणी टाकली. बाराशे जनावरं हायेत. तिकडून ट्रकनं ऊस येतो, जनावरं हिरवं खात्यात अन् वाळल्या पानांचं पाचट मागं उरतं. माणसांच्या राहायच्या कोप्याबी त्याच्याच. मपली माय आपल्या बैलांना, कोसा अन् चांद्याला घेऊन तिथंच कोपी करून राहिलीया. घरी चल म्हनलं तं म्हनती, "बैलं हितं अन् म्या तिथं? डोळ्याला डोळा लागायचा न्हाई." तुला ठावंच हाय तिचं. तुला वाढवलं, मला वाढवलं, पण माया खरी कोसावर.

आता कामाचं. आपले चेअरमन विठ्ठलराव, त्यांचा थोरला भारतदादा. त्यानं हैदराबादेहून एक जुनी स्पोर्ट गाडी आणली. चौऱ्याहत्तरची, परदेशी, पिवळी, दोन दारांची. इतकी बुटकी की आत बसलं तं बूड रस्त्याला लागंल असं वाटतं. मे महिन्यात पुण्याकडं जुन्या गाड्यांची घाट चढायची शर्यत हाय म्हणं. पण पीयूसी पाहिजे, अन् शर्यतीच्या जागीबी मशीन लावून धूर तपासणार. दादा म्हनला, "गहिनी, ताकद दीडपट कर अन् धूर निम्मा." म्या म्हनलं, "दादा, म्हैस घोड्यावानी पळवायची अन् वैरणबी कमी टाकायची?" तो हसला न्हाई.

गाडी झाली तं कारखान्याच्या गॅरेजात मला कायम करतो म्हनलाय. सोळा वर्षं झाली, अजून हंगामीच हाय म्या. मायला पयल्या रांगेत, पाण्याच्या टाकीला लागून, रस्त्याकडंला जागा त्यानंच दिली. बाकीच्या बाया नाक मुरडत्यात.

तू पुण्याला जुन्या गाड्यांच्याच दुकानात हायेस. सांग, होईल का?

तुपला,
गहिनीनाथ


पुणे
२२ जानेवारी २००३

ती. गहिनीदादास उत्तरेश्वरचा नमस्कार.

होईल. पण दीडपट नाही. भारतदादाला सांग, पंचवीस टक्के मिळाले तर देवाला नारळ फोड. त्याच्यापुढं हाव धरली की धूर वाढलाच म्हणून समज.

ताकद आणि धूर यांचं वैर नाही, दादा. पेट्रोल नीट जळलं की ताकद वाढते आणि धूरही कमी होतो. इंजिनचं हेड एक मिलिमीटर घासून घे, म्हणजे दाब वाढेल. जास्त घासू नको. आता पेट्रोल बिनशिशाचं आहे, तेव्हा व्हॉल्व्हच्या सीटा कडक बसव, नाहीतर दोन महिन्यांत खड्डे पडतील. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक. दोन्ही कार्ब्युरेटर खोलून साफ कर आणि एकमेकांशी जुळव. पेट्रोल मापानं सोडणारा जेट आहे तोच ठेव, मोठा टाकला की पेट्रोल जास्त जातं. जेटला हात लावायचा नाही. एवढं करून पीयूसी झाली तर ठीक, नाहीतर सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टाकू. आम्ही त्याला नुसतं डबा म्हणतो. आत जाळी असते, उरलासुरला विषारी धूर ती तिथंच जाळून टाकते. मोडीत निघालेल्या गाडीचा एखादा मी बघून ठेवतो.

आत्याला सांग, चष्मा बदलून घे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तेव्हापासून तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. पहिल्या रांगेत जागा मिळाली हे बरं झालं. पाण्यासाठी हेलपाटे तरी वाचतील.

तुझा,
उत्तरेश्वर


छावणी
१६ फेब्रुवारी २००३

चि. उत्तरेश्वरास आशीर्वाद.

सांगितलंस तसं समदं केलं. हेड बीडला घासून आणलं. पयल्यांदा चालू केली तवा छावणीतली जनावरं उठून उभी राहिली, असा आवाज! पालीच्या धरणात औंदा टिपूस न्हाई. तळाला भेगा पडल्यात, पण मधी मैदानावानी सपाट हाय. भारतदादानं तिथं नेली. म्या बाजूला बसलतो, डोळे मिटून. जिथं आपुन पोहायला शिकलो तिथं धुरळा उडत व्हता. मला ते बरं वाटलं न्हाई. पाण्याच्या जाग्यावर असं करू न्हाई.

पण पीयूसीत नापास. तीनच्या आत पाहिजे तं पाच आला. दादानं मशीनवाल्याला आईवरून शिव्या घातल्या. म्या म्हनलं, मशीनचा काय दोष? तं मलाबी दोन मिळाल्या. तुपला डबा बघ लवकर.

छावणीतून दोन बैल चोरीला गेले. मायनं हुकूम सोडला, "दाव्याचा भरोसा न्हाई, मला साखळ्या करून दे." ट्रॉलीच्या जुन्या साखळीच्या दोन केल्या. एक टोक खुंट्याला पक्कं, दुसऱ्या टोकाला फिरवायची कडी हाय, सोडायला दोन्ही हात लागत्यात अन् येळबी लागतो. चोराला घाई असती, तो काय बसतो कडी फिरवत! माय खूश. शेजारच्या बायनाबाईला दाखवून आली, "मह्या लेकानं केल्या."

गहिनीनाथ


पुणे
३ मार्च २००३

ती. दादास नमस्कार.

डबा एसटीच्या पार्सलनं आजच पाठवतोय, बीडच्या स्टँडवरून सोडवून घे. मोठ्या गाडीचा आहे, पण बसेल. सगळं सामान पूर्ण आहे. बुडाशी काही उघडं वाटलं तर तिथल्या जुन्या पत्र्याचं काहीतरी करून घे, तेवढं काही विशेष नाही.

एक मात्र कानात तेल घालून ऐक. हा डबा तापतो. चुलीवरचा तवा त्याच्यापुढं गार म्हणायचा. आणि पेट्रोल जास्त गेलं, न जळता डब्यात आलं, की ते आत जळतं आणि डबा लालबुंद होतो. म्हणून म्हणतो, जेटला हात लावू नको. गेल्या वर्षी आमच्याकडं एक गाडी झाडाखालच्या वाळक्या पानांवर उभी केली होती. दहा मिनिटांत खालून धूर. वॉचमननं दोन बादल्या पाणी ओतलं म्हणून निभावलं. गाडी गवतावर, पानांवर उभी करायची नाही, हे भारतदादाला तू स्वतः सांग.

तू लिहिलंस ते धरणाचं मलाही कसंसंच वाटलं.

उत्तरेश्वर


छावणी
२५ मार्च २००३

चि. उत्तरेश्वर,

पास! पाचाचा पाऊण आला! मशीनवाला म्हनला, नव्या गाडीचाबी इतका चांगला येत न्हाई. भारतदादानं मला मिठी मारली, चेअरमनच्या पोरानं, ग्रीस लागलेल्या कपड्यासकट. कायमची ऑर्डर टाईप झालीया, सही तेवढी राहिलीया म्हनला.

पण नंतर म्हनतो, गाडी दम कोंडल्यावानी करतीया, वरच्या गेअरला ओढत न्हाई. तुमची जळमटं लावल्यापासून झालंय असं. रोज डोकं खातो. म्या तसं काही केलं न्हाई, थोडे कान पिळले तिचे. आता लई पळती. तेवढं एक इचारायचं व्हतं, मागून नासल्या अंड्यावानी वास कावून येतो? अन् परवा दादा नेकनूरहून आला तं पायातली चप्पल काढून बघाय लागला, तळवे भाजले म्हनला. उन्हाळा हाय, त्यानं असंल.

२० एप्रिलला, रविवारी, छावणीवर गाडीची पूजा हाय. समदे संचालक येणार, माझ्या हातात ऑर्डर तिथंच देणार. माय नारळ फोडणार, दादानंच सांगितलं, "गहिनीच्या मायच्या हातून." म्हातारी तवापासून लुगडं धुवायला पाणी साठवून राहिलीया. एरवी पाहुणा आला की आपुन सडा टाकतो. आता टँकरचं पाणी माणशी दोन घागरी, सडा कशाचा टाकता? म्हनून बायनाबाईनं डोकं लढवलं. समोरच्या जागेत घोट्याघोट्यापस्तोर पाचट अंथरायचं, म्हंजी धुरळा उडायचा न्हाई अन् गाडीबी गादीवर उभी राहील. समद्या बाया आतापासूनच पाचट साठवाय लागल्यात.

तू ये. मायनं सांगितलंय.

गहिनीनाथ


पुणे
१७ एप्रिल २००३

दादा,

दुकानाच्या कामानं तीन आठवडे महाबळेश्वरला होतो. आत्ता आलो आणि तुझं पत्र वाचलं. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

कान पिळले म्हणजे काय केलंस? जेट मोठे टाकलेस ना? अंड्याचा वास त्याचाच. तळवे भाजले ते उन्हानं नाही, दादा. खाली डबा भट्टीसारखा पेटतोय आणि त्याच्यावर माणसं बसतायत. त्या पाचटावर गाडी नेऊ नको. पूजा दुसरीकडं करा, डांबरी रस्त्यावर करा, नाहीतर करूच नका.

कारखान्याचा फोन बंद आहे. गावात शहादेवच्या एसटीडीवर फोन केला, तो म्हणाला, मी स्वतः सायकलवर जाऊन निरोप देतो. त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं, "पाचटावर गाडी उभी करायची नाही." मला सुट्टी मिळाली तर शनिवारी निघतो. नाही मिळाली तर हे पत्र सोमवारी पोचेल आणि तू मला हसशील. हस. पण ऐक.

उत्तरेश्वर


६ मे २००३

उत्तरेश्वर,

दहाव्याला तू आलतास. नदीच्या कोरड्या पात्रात आपुन शेजारी बसलो अन् एक शब्द बोललो न्हाई. तू मह्याकडं बघितलं न्हाईस, म्याबी तुझ्याकडं बघितलं न्हाई. म्हनून लिहितोय. तोंडानं येत न्हाई.

शहादेव शनिवारीच आलता. सायकल टाकून धापा टाकत. निरोप मला मिळाला, जसाच्या तसा. हे पयलं वाच अन् मग पुढचं वाच.

जेट म्याच बदलले व्हते. भारतदादानं आणून दिले, म्या बसवले. तुला लिहायची लाज वाटली, म्हनून कान पिळले असं लिहिलं. शनिवारी दादाकडं गेलतो. म्हनलं, पाचटावर नको. तो म्हनला, "पुण्याचा मेकॅनिक मला शिकवणार काय बे? बाया चार दिवस राबल्या, त्यांचं मन मोडू? उद्या ऑर्डर घ्यायची का न्हाई तुला?" जेटचं म्या बोललो असतो तं पीयूसी झाल्यावर ते बदलल्याचं बिंग समद्यांपुढं फुटलं असतं. गप बसलो. मनाला सांगितलं, धाच मिनिटांचा तं खेळ हाय.

दुपारी एकला गाडी आली. नेकनूरवरून तापवत आणली व्हती. पाचटावर उभी केली, मायच्या कोपीसमोर. आवाज ऐकवायचा म्हनून दादा जाग्यावरच अॅक्सिलरेटर दाबत राहिला. संचालक टाळ्या वाजवत व्हते. मायनं नारळ फोडला, हळद-कुंकू लावलं. खालून धूर यायला लागला. बायांना वाटलं उदबत्तीचा हाय. मला ठाव व्हतं. म्या वरडलो, "गाडी बंद करा, ढकला!" पण दादानं खाली बघितलं अन् गेअर टाकला. गाडी वाचवायला. पेटलेलं पाचट गाडीच्या बुडाला अडकलं व्हतं, ते घेऊन तो पयल्या रांगेच्या कडंनं गेला, टोकापस्तोर. जिथनं गेला तिथं तिथं पेटलं. वारा व्हता. कोप्या म्हंजी काय, पाचटच. टाकीत बोटभर पाणी. टँकर चारला यायचा व्हता.

ज्यांची जनावरं दाव्यानं बांधली व्हती त्यांची दावी जळाली अन् जनावरं सुटून पळाली. समदी पळाली, उत्तरेश्वर. साखळी जळत न्हाई.

माय आत गेली. चांद्याची कडी फिरवून सोडली तिनं. मग कोसाकडं गेली. म्या गाडीमागं दुसऱ्या टोकाला गेलतो, पळत माघारी आलो तवर सिदूनं तिला ओढून काढलं व्हतं. वैरण टाकायला हाय तो सिदू. त्याचे दोन्ही हात सोलून निघाले. कोसाची कडी अर्धीच फिरली व्हती, तिचा डाग मायच्या तळहातावर उठला व्हता. बीडच्या दवाखान्यात रात काढली न्हाई तिनं. जायच्या आधी मला म्हनली, "कोसा सुटला का?" म्या हो म्हनलं.

आता खरं पाप ऐक. तिसऱ्या दिवशी भारतदादा जमादाराला घेऊन घरी आला. कागद तयार व्हता. सिदूच्या बिडीनं आग लागली, म्या डोळ्यानं बघितलं, असा जबाब. त्याच्याखाली मपली कायमची ऑर्डर, सही झालेली. म्या सही केली. मला काय सुधरत नव्हतं असं म्हनू शकतो, पण सुधरत व्हतं. आगीच्या दिवशी सिदूची बिडी त्याच्या कानावर व्हती, न पेटवलेली. म्या बघितली. तो आता बीडच्या जेलात हाय, हाताला पट्ट्या बांधून. ज्यानं मह्या मायला बाहेर काढलं, तो.

म्हनून दहाव्याला कावळा शिवंना. तू बघितलंस, दोन तास बसलो. लोकं म्हनले, गहिनी, म्हातारीचं काय राहिलं असंल ते बोल. म्या म्हनलं, चांद्याला इकणार न्हाई. न्हाई आला. म्हनलं, तुपलं श्राद्ध चुकवणार न्हाई. न्हाई आला. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तिला काय पाहिजे व्हतं ते मला ठाव व्हतं, पण चारचौघांत बोलायची छाती झाली न्हाई.

आता ठाण्यात जाऊन जबाब फिरवणार हाय. पण मह्यावर कोण इश्वास ठेवणार? गाडीचा डबा काढून भारतदादानं कोरड्या हिरीत टाकला, वरून मुरूम ओतला. गाडी ताडपत्री टाकून कुठं पाठवली कुणास ठावं. पुरावा म्हंजी एकच, तुपली-मपली पत्रं. ती दिली तं तुपलंबी नाव येतं. तू डबा पाठवलास, येवढंच, पण पोलीस येवढ्यावर सोडत न्हाईत. तू नको म्हनलास तं म्या समजून घेईन. तुपली नोकरी हाय, लेकरं हायेत.

मला शिव्या दे. पण उत्तर दे.

गहिनीनाथ


पुणे
१२ मे २००३

ती. दादा,

शिव्या द्यायला माझं तोंड नाही.

त्या डब्याला खालून एक पत्रा असतो. डब्याची धग खाली जाऊ नये म्हणून, गवताला आणि डब्याला दोन बोटं अंतर राहावं म्हणून. मोडीतल्या गाडीवरून काढताना त्याचे बोल्ट गंजलेले निघाले आणि पत्रा वाकला. सरळ करायला अर्धा दिवस गेला असता. मला पार्सलची गाडी गाठायची होती. म्हटलं, दादा करून घेईल तिथं. आणि तुला लिहिलं, सगळं सामान पूर्ण आहे. बुडाशी उघडं वाटलं तर बघ, तेवढं काही विशेष नाही, असंही मीच लिहिलं. नदीत तुझ्याकडं बघितलं नाही ते तुझ्या रागानं नाही. तो पत्रा माझ्या बाकड्याखाली पडलाय हे मला माहीत होतं. रोज पायाला लागतो.

शनिवारी मला सुट्टी मिळाली होती. हेही सांगून टाकतो. मी निघालो नाही. म्हटलं, निरोप दिलाय, आता उगाच कशाला.

तुझी पत्रं माझ्या पेटीत आहेत. पंचवीस मार्चच्या पत्रात कान पिळल्याचं तुझ्या अक्षरात आहे. माझं तीन मार्चचं तू काढून ठेव, ते सगळ्यात वर ठेव. जेट एकट्यानं पेटवत नाहीत आणि पत्रा एकटा अडवत नाही, हे तिथं कुणाला तरी समजावून सांगावं लागेल. ते मी सांगेन. माझं नाव येईल म्हणून तू थांबू नको. आत्यानं मला चार वर्षांचा असताना उचलून घेतलं तेव्हा तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

गुरुवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. पत्रं आणि पत्रा दोन्ही घेऊन. शुक्रवारी सकाळी बीडच्या स्टँडवर थांब, घरी जायचं नाही, चहाला पण थांबायचं नाही. आधी ठाण्यात, मग सिदूच्या बायकोकडं. ती आपल्याला दारात उभं करेल का नाही माहीत नाही, पण जायचं.

आणि चांद्याला दाव्यानं बांध, दादा. साखळी काढून टाक.

उत्तरेश्वर